एस्टीमचं इंजिन टाकलेली ओम्नी फक्त वर्धा रोडवरच गरम का होते

भाऊ, तुमचं सगळं नीट वाचलं. म्हणजे ९८ ची मारुती ओम्नी, तिचं मूळचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन काढून एस्टीमचं १.३ टाकलंय, वर एलपीजी गॅस किट, आणि नागपुरात बर्डीत कितीही फिरवा टेम्परेचरचा काटा अर्ध्यावरच राहतो, पण घरचे पाच जण बसवून वर्धा रोडला लागलं की जामठा ओलांडेपर्यंत काटा वर. हळू केली की परत खाली. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला, वॉटर पंप नवा टाकला, रेडिएटर धुतला, आता मेकॅनिक म्हणून राहिला की हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलं, हेड उघडतो.

हेड उघडू देऊ नका. निदान आता तरी नाही.

गॅस्केट गेलं असतं तर त्याच्या खुणा घरीच दिसल्या असत्या. रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी चालू केली की एकदोन मिनिटांत, पाणी कोमट व्हायच्या आधीच, रेडिएटरचा वरचा रबरी पाइप दगडासारखा कडक होतो, किंवा थंड गाडीत रेडिएटरची टोपी उघडी ठेवून चालू केली तर पाण्यात बुडबुडे येतच राहतात, थांबत नाहीत. तरी शंका असेल तर रेडिएटरच्या तोंडावर धरून तपासायचं निळं द्रावण मिळतं, सिलिंडरमधला धूर पाण्यात येत असेल तर ते पिवळं पडतं. ही तपासणी हेड उघडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. एस्टीमच्या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ते उगाच उघडलं, फेस मारला (घासून सपाट केलं) आणि खरा दोष दुसरीकडेच निघाला तर पैसे गेले आणि गाडी मे महिन्यात दारात उभी.

इंजिन बदललेल्या गाडीत मी आधी इंजिनावर संशय घेतच नाही. ते इंजिन एस्टीममध्ये वर्षानुवर्षं थंड चाललेलं असतं, म्हणून दोष शोधायचा तो जोडणीत, म्हणजे जे काही त्या गॅरेजमध्ये कापलं, वळवलं, बंद केलं, नव्याने वायर लावली त्यात. आणि त्याहून आधी हे बघा की गाडी खरंच तेवढी गरम होते का. इंजिन एस्टीमचं, मीटर ओम्नीचं, मग टेम्परेचरचा सेन्सर कोणाचा लावला? दोघांचं जुळत नसेल तर काटा खोटं बोलतो, कधी जास्त दाखवतो आणि कधी कमी, आणि कमी दाखवणं जास्त वाईट. रात्री हेडलाइट लावल्याबरोबर काटा थोडा वर सरकत असेल तर अर्थिंग खराब आहे, तेवढं आधी नीट करून घ्या.

आता तुमचं लक्षण. गावात ठीक आणि रोडवर गरम. गावात उभ्या गाडीत गरम होत असती तर मी म्हटलं असतं फॅन चालू होत नाही, फॅनचा स्विच गेला. पण रोडवर गरम म्हणजे इंजिन जेवढी उष्णता काढतं तेवढी रेडिएटर बाहेर टाकू शकत नाही, किंवा पाणी त्याच्यापर्यंत पुरेसं पोचतच नाही, किंवा इंजिन गरजेपेक्षा जास्त तापतंय. तिन्हीची कारणं वेगळी.

माझ्या स्वतःच्या ओम्नीचं सांगतो, हेच इंजिन, हेच लक्षण. दोन महिने मी रेडिएटरवाल्याकडे चकरा मारल्या, रॉडिंग (जाळीच्या नळ्या सळईने साफ करणं) करून घेतलं, काही फरक नाही. शेवटी एका सकाळी अंगणात गाडी चालू ठेवली, फॅन लागू दिला आणि वर्तमानपत्राचं एक पान रेडिएटरच्या जाळीपुढे धरलं. ते जाळीला चिकटायला पाहिजे होतं. ते उडून माझ्या पायावर पडलं. परत धरलं, परत तेच. इंजिन बदलताना फॅनच्या दोन वायरी उलट्या जोडल्या गेल्या होत्या, फॅन उलटा फिरून हवा पुढे फेकत होता. उभ्या गाडीत तेवढ्यावरही भागत होतं, पण ७० च्या स्पीडला समोरून येणारी हवा आणि फॅनची हवा एकमेकींना अडवायच्या आणि जाळीतून काहीच जायचं नाही. वायरी पलटवल्या, दहा मिनिटांचं काम. म्हणून तुम्ही पण पहिलं हेच करा, पानाने बघा. फॅन जाळीच्या पुढे असो की मागे, हवा समोरून मागेच जायला पाहिजे.

दुसरं, गॅस. एक दिवस गॅस बंद ठेवून फक्त पेट्रोलवर तोच रोड, तेवढेच लोक, तोच स्पीड करून बघा. पेट्रोलवर काटा जागेवर राहिला तर गॅसचं मिश्रण पातळ आहे (हवा जास्त, गॅस कमी), ट्यूनिंग करून घ्या, रेडिएटरकडे बघायची गरजच नाही. आणि गॅसच्या रिड्यूसरला, म्हणजे द्रव गॅसचा वायू करणाऱ्या डब्याला, हात लावून बघा (बाहेरून, पाइपाला जपून). एलपीजी द्रवाचा वायू होताना उष्णता ओढतो, म्हणून त्याच्यातून इंजिनाचं गरम पाणी फिरवलेलं असतं. एका मित्राच्या व्हॅनमध्ये भर मे महिन्यात, बाहेर ४५ डिग्री, काटा वर आणि रिड्यूसरवर पांढरं दव गोठलेलं आम्ही डोळ्यांनी बघितलं. याचा अर्थ तिथे पाणी फिरतच नव्हतं. रिड्यूसर सगळ्यांत उंचावर बसवला होता आणि हवा तिथेच अडकली होती. तो खाली घेतला, हवा काढली, दोन्ही त्रास गेले.

हवा काढणं हा ओम्नीत मोठा विषय आहे, कारण इंजिन सीटखाली, रेडिएटर पुढे, आणि मधले पाइप लांब. मूळ गाडीत ते पाइप कुठून कसे न्यायचे ते कंपनीने ठरवलेलं असतं, बदललेल्या गाडीत ते मेकॅनिकच्या सोयीने जातात. थर्मोस्टॅटचं हाउसिंग रेडिएटरच्या टोपीपेक्षा उंच गेलं असेल तर तुम्ही कितीही पाणी भरा, वर हवा राहणारच. थंड गाडीचं तोंड उतारावर उंच करून ठेवा, टोपी उघडी, पाणी भरत राहा, पाइप हाताने दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. कायमचा उपाय म्हणजे सगळ्यांत उंच पाइपात टी (तीन तोंडांचा जोड) टाकून तिथे टोपी बसवणं.

थर्मोस्टॅट परत टाका. आपल्याकडे हा समज फार आहे की तो काढला की गाडी थंड राहते. ज्या इंजिनात तो उघडताना बायपासची (रेडिएटर टाळून पाणी इंजिनात परत नेणारी) वाट बंद करतो तिथे तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात परत येतो. आणणार तो एस्टीमचाच आणा. बसवायच्या आधी पातेल्यात पाणी गरम करून त्यात सोडून बघा, ८२ डिग्रीचा असेल तर त्याच्या आसपास तो उघडायला लागतो. आणि बघा, हीटरचा पाइप बोल्ट ठोकून बंद केलाय का, बायपास पण सोबत बंद झाला असेल तर थर्मोस्टॅटपर्यंत गरम पाणी उशिरा पोचतं.

खालचा पाइप पण बघा. पंप त्यातून पाणी ओढतो, पाइप मऊ असेल आणि आत स्प्रिंग नसेल तर जास्त आरपीएमला तो चपटा होतो, उभ्या गाडीत कळत नाही. एकाला एक्सिलरेटर द्यायला सांगा आणि स्वतः खाली बघा. रेडिएटरची टोपी ०.९ बारची असावी, चांगली टोपी असेल तर साधं पाणी पण साधारण ११८ डिग्रीपर्यंत उकळत नाही, ढिली असेल तर १०० लाच उकळून बाहेर. गरम असताना ती उघडू नका, ओम्नीत इंजिनावरच सीट आहे आणि वाफ सरळ अंगावर येते. बोअरचं पाणी टाकत असाल तर आजच बंद करा, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने जाळीत तसाच पांढरा थर बसतो जसा पाणी गरम करायच्या भांड्यात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं अर्धं.

टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची व्हॅक्यूमची बारीक नळी जोडलेली आहे की नुसती लोंबतेय? ती सुटली की सरळ रोडवर इंजिन उशिरा जाळतं आणि जास्त तापतं.

हे सगळं बरोबर निघालं तरच रेडिएटर लहान म्हणा. ७९६ साठी बनवलेली जाळी १.३ ला पाच माणसांसकट भर उन्हात पुरणार नाही हे शक्य आहे, मग रेडिएटरवाल्याकडून तेवढ्याच मापात डबल कोअर (नळ्यांच्या दुप्पट ओळी) करून घ्या आणि जाळीच्या चारही बाजूंच्या फटी रबरशीटने बंद करा, नाहीतर हवा बाजूनेच निघून जाते.

रविवारी सकाळी पान धरून बघा, मग पेट्रोलवर बुटीबोरीपर्यंत जाऊन या. काटा चढला की बाजूला थांबून, इंजिन चालूच ठेवून, टेम्परेचर गनने रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या रबरी पाइपाचा आकडा घ्या, चकचकीत धातूवर नका धरू, चुकीचं येतं. दोन्ही जवळजवळ सारखेच गरम असतील तर हवा किंवा जाळी कमी पडतेय, खालचा खूपच थंड असेल तर पाणी फिरत नाही. ते दोन आकडे मला सांगा.