तलावात मैला, वर्गणीवर वाद आणि बिल्डर म्हणतो ‘खड्डा माझा’

प्रश्न : महापालिका हद्दीत आमची १६८ सदनिकांची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. भोगवटा प्रमाणपत्र २०११ चं, अभिहस्तांतरण (जमीन-इमारत संस्थेच्या नावावर होणं) अजून झालेलं नाही. आवारात जुन्या दगडखाणीत साठलेला सुमारे अडीच एकरांचा तलाव आहे. जलपर्णी काढणं, दिवे, रखवालदार हा सगळा खर्च संस्थाच करते. २० जानेवारीला शेजारच्या नव्या संकुलाकडून आलेला एक पाइप तलावात सोडलेला दिसला. मार्चमध्ये मासे मेले. समितीने दरमहा ५०० रुपये ‘तलाव निधी’ लावला, पण ३१ सभासद देत नाहीत. ‘आमच्या खिडकीतून तलाव दिसतसुद्धा नाही’ असं त्यांचं म्हणणं. बिल्डर म्हणतो, खड्डा माझा आहे, भरून तिथे इमारत काढणार. काही सभासद म्हणतात, पाइप सिमेंटने बुजवून टाका. एप्रिलमध्ये एक मुलगा काठावरून घसरला, सुदैवाने वाचला. उद्या काही झालं तर सचिव म्हणून मी अडकेन का? आम्ही सुरुवात कुठून करावी?

उत्तर : तुमच्या पत्रात चार भांडणं एकात एक गुंतली आहेत आणि समिती सर्वांत जास्त वेळ देते आहे ती वर्गणीच्या भांडणाला. ते थांबू शकतं. सांडपाण्याचं थांबू शकत नाही, कारण त्याला मुदत आहे.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० च्या कलम १४ खाली अर्ज करायला वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने मिळतात. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी जास्तीत जास्त ६० दिवस. पाइप २० जानेवारीला दिसला, म्हणजे २० जुलै ही तुमची तारीख समजा. १८ सप्टेंबरनंतर कलम १४ चं दार बंद. ‘पाणी रोज सुटतं, म्हणून कारण रोज नव्याने घडतं’ असा युक्तिवाद करता येतो, पण त्याच्या भरवशावर मुदत घालवू नका. कायद्यातला शब्द ‘पहिल्यांदा’ असा आहे आणि समोरचा वकील तोच धरून बसेल. नुकसानभरपाई आणि तलाव पूर्ववत करून मिळणं यासाठी कलम १५ आहे, त्याला पाच वर्षांची मुदत आहे. पण तुम्हाला आज हवा आहे तो पाइप बंद करण्याचा आदेश.

न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. भरपाई मागितली नाही तर अर्जाचं शुल्क १,००० रुपये. मागितली तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, पण १,००० पेक्षा कमी नाही. अर्जदार संस्था असू द्या, एकटा सभासद नको. त्यासाठी सचिवांना अर्ज दाखल करण्याचा अधिकार देणारा ठराव लागेल. प्रतिवादी म्हणून शेजारचं संकुल, त्याचा विकासक, महापालिका, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि जिल्हाधिकारी असे सगळे घाला. महापालिकेला वगळलं की ‘मलनिःसारण वाहिनी जोडून देणं आमच्या हातात नाही’ असं शेजारी म्हणतात आणि पुढची तारीख पडते.

समोरून पहिला बचाव येईल तो ‘हा तलाव नाहीच, खासगी खाणीचा खड्डा आहे’ हा. त्याचं उत्तर जलप्रदूषण कायदा, १९७४ मध्येच आहे. कलम २(जे) मधल्या व्याख्येत अंतर्देशीय पाणी ‘नैसर्गिक असो वा कृत्रिम’ असं स्पष्ट म्हटलं आहे. कलम २४ अशा पाण्यात जाणूनबुजून दूषित पदार्थ सोडायला किंवा सोडू द्यायला मनाई करतं. मालकी कोणाची, हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. मात्र पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांवर सगळा भार टाकू नका. करमणुकीसाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्या व्याख्येबाहेर आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने ज्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण दिलं त्या सव्वादोन हेक्टरांपेक्षा मोठ्या होत्या. तुमचा तलाव जेमतेम एक हेक्टर आहे.

आता पुरावा. बहुतेक संस्था इथेच कमी पडतात.

खासगी प्रयोगशाळेचा अहवाल उपयोगाचा आहे, पण जलप्रदूषण कायद्याखालच्या खटल्यात पुरावा म्हणून चालतो तो कलम २१ ची पद्धत पाळून मंडळाच्या अधिकाऱ्याने घेतलेला सांडपाण्याचा नमुना. जागेच्या ताबेदाराला तिथल्या तिथे नोटीस, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग, दोन्हींना मोहोर आणि सह्या. म्हणून मंडळाच्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयात आजच लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि ‘कलम २१ नुसार नमुना घ्यावा’ हे शब्द त्यात लिहा. नुसतं ‘पाहणी करावी’ असं लिहिलं की अधिकारी येऊन फोटो काढून जातात. न्यायाधिकरणाला पुरावा कायद्याचे काटेकोर नियम लागू नाहीत, त्यामुळे तिथे खासगी अहवालही वाचला जातो. पण मंडळाचा आणि तुमचा असे दोन्ही अहवाल जुळले की बाजू भक्कम होते.

तुमचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या माणसाकडूनच घ्या. एक पाइपच्या तोंडाशी, दुसरा तिथून दहा-पंधरा मीटरवर, तिसरा समोरच्या काठाला. वेळ सूर्योदयापूर्वीची. हिरवट पाण्यात शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तोच वापरतं. दुपारी घेतलेल्या नमुन्यात विरघळलेला ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि तोच आकडा समोरचा पक्ष तुमच्याविरुद्ध दाखवतो. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात ते याच कारणाने. ऑक्सिजनचा नमुना जागेवरच रसायन घालून स्थिर करावा लागतो, नाहीतर आकडा निरर्थक. जंतूंचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत. चाचण्या मागा : सामू (पीएच), विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी व सीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते याची मोजमापं), अमोनिया आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म. शेवटच्या दोन सोडू नका. नुसता बीओडी वाढलेला असेल तर ‘तुमच्याच झाडांचा पाला कुजला’ असं म्हणता येतं. अमोनिया आणि विष्ठेतले जंतू पाइपच्या तोंडाशी जास्त आणि समोरच्या काठाला कमी दिसले तर तसं म्हणणं अवघड होतं. तुलनेसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष वापरा. मासे जगण्यासाठी ऑक्सिजन किमान ४ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि मुक्त अमोनिया जास्तीत जास्त १.२.

फोटो आणि व्हिडिओ ज्या फोनने काढले तो फोन जपून ठेवा, मूळ फाइल पुसू नका. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीत वेळ आणि ठिकाण यांची नोंद राहत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं; त्याचे दोन भाग असतात, एक तुमचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा) लिहावं लागतं. हे काम आत्ताच केलं तर सोपं, दोन वर्षांनी फोन बदलल्यावर नाही.

सोबत माहिती अधिकारात दोन अर्ज टाका. महापालिकेकडे शेजारच्या संकुलाचा मंजूर मलनिःसारण नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. मंडळाकडे त्या संकुलाच्या एसटीपीची (सांडपाणी प्रक्रिया केंद्राची) संमतीपत्रं आणि तपासणी अहवाल मागा. शुल्क प्रत्येकी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तुमच्या २० जुलैच्या आधी ही कागदपत्रं हाती यायला हवीत, म्हणून अर्ज लगेच करा.

आणि हे सगळं करण्याआधी स्वतःच्या एसटीपीची झाकणं उघडून पाहा. मंडळाचे लोक आले की तक्रारदाराचीही तपासणी होते. तुमच्या टाकीचा ओव्हरफ्लो पावसाळी गटारातून त्याच तलावात येत असेल, तर संपूर्ण अर्जाचा रंग बदलतो.

पाइप बुजवण्याचं मात्र मनातून काढून टाका. पाणी उलटं फिरून शेजारच्या तळमजल्यांत शिरलं तर आरोपी तुम्ही व्हाल, आणि पुरावाही तुम्हीच पुरलेला असेल.

आता मालकी. बिल्डरच्या बोलण्यावर जाऊ नका, कागदांवर जा. तलावाखालच्या गट नंबरचा सातबारा, त्यावरचे सगळे फेरफार, अकृषिक आदेश, मंजूर लेआउट आणि पहिल्या काही खरेदीदारांचे करारनामे एकत्र लावा. सातबारावर त्या क्षेत्राला ‘पोटखराबा वर्ग ब’ असं लिहिलेलं आढळलं तर थांबून विचार करा. इतर लोक वापरत असलेलं तळं, रस्ता अशा कारणांनी आकारणी न झालेली जमीन त्या वर्गात येते आणि तिथे सार्वजनिक हक्काचा दावा उभा राहू शकतो. जमीन कोणाही व्यक्तीच्या मालकीची नाही असं दिसलं, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० नुसार तलाव शासनाचा. मग तो बिल्डरचाही नाही आणि तुमचाही नाही; कुंपण घालायलासुद्धा परवानगी लागेल.

पण खाण खासगी गटातली असेल आणि लेआउटमध्ये तलाव मोकळी जागा किंवा सुविधा म्हणून दाखवला असेल (माझा अंदाज हाच आहे), तर तुमची बाजू चांगली आहे. मोफा, १९६३ (सदनिका खरेदीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा) च्या कलम ७अ चा आधार घेऊन विकासक म्हणतात की लेआउटमध्ये जादा इमारत बांधायला संमती लागत नाही. जयंतीलाल इन्व्हेस्टमेंट्स विरुद्ध मधुविहार या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की संपूर्ण प्रकल्प करार करतानाच खरेदीदारांपुढे उघड केलेला असला पाहिजे. त्यामुळे करारनाम्याला जोडलेल्या नकाशात त्या जागी काय दाखवलं आहे, यावर बरंच ठरेल. निळा तलाव रंगवून सदनिका विकल्या असतील तर ते माहितीपत्रकही जपा.

मानीव अभिहस्तांतरणासाठी (बिल्डर करून देत नसेल तेव्हा सरकारी आदेशाने होणाऱ्या हस्तांतरणासाठी) जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना सातमध्ये अर्ज करा. तिथे हमखास होणारी चूक म्हणजे इमारतींखालची आणि लगतची जागाच मागणं. तलावाचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये, चतुःसीमांसह, वास्तुविशारदाच्या प्रमाणपत्रात वेगळं दाखवा. आदेशात ते राहिलं तर दुरुस्तीला वर्षं जातात. सक्षम प्राधिकारी, म्हणजे इथे जिल्हा उपनिबंधक, हस्तांतरणाचा हक्क ठरवतात, मालकीचा अंतिम निवाडा करत नाहीत. बिल्डर दिवाणी न्यायालयात जाऊ शकतो, हे गृहीत धरा. दरम्यान भराव टाकायला सुरुवात झाली तर न थांबता मनाई हुकूम मागा. तुमचा प्रकल्प २०११ मध्ये पूर्ण झाल्यामुळे त्यासाठी रेराकडे (स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे; महाराष्ट्रातलं ते महारेरा) जाता येणार नाही. पण बिल्डरने तलावाच्या जागेवरच्या नव्या इमारतीची महारेरात नोंदणी केली आहे का, ते संकेतस्थळावर तपासा.

तलाव निधीबाबत ३१ सभासदांचं कारण चुकीचं आहे, पण त्यांचा नकार आज तरी टिकेल. खिडकीतून तलाव दिसतो की नाही यावर सेवाशुल्क ठरत नाही; ते सर्व सदनिकांना समान असतं. मात्र नवा निधी लावण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा, समितीचा नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७२ ने अंतिम अधिकार सभेकडे ठेवला आहे. म्हणून उपविधीतल्या मुदतीप्रमाणे सूचना देऊन विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. विषयपत्रिकेत ‘तलावाबाबत चर्चा’ एवढंच लिहू नका. रक्कम, कालावधी, खर्चाचं अंदाजपत्रक आणि निधी स्वतंत्र बँक खात्यात ठेवण्याची तरतूद लिहा. मागील महिन्यांची वसुली ठरावात घुसवण्याचा मोह टाळा. ज्यांनी भरलं आहे त्यांची रक्कम पुढील हप्त्यांत वळती करा. ठरावानंतरही थकबाकी राहिली तर मागणी नोटिसा देऊन कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी जा. व्याज उपविधीनुसार आणि सरळ व्याजाने, त्यातल्या कमाल मर्यादेत. पाणी तोडणं, लिफ्टचं कार्ड बंद करणं, फलकावर नावं लावणं यांतलं काहीही करू नका.

शेवटी तुमच्या स्वतःच्या जबाबदारीबद्दल. केवळ सचिव आहात म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली निष्काळजीपणामुळे मृत्यूचा गुन्हा लागतो आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण त्या व्यक्तीच्या कृतीचा किंवा हलगर्जीपणाचा मृत्यूशी थेट संबंध दाखवावा लागतो. तुमची अडचण अशी की एप्रिलमध्ये मुलगा पडल्यामुळे धोका समितीला माहीत होता, हे आता नोंदीवर आहे. भरपाईच्या दिवाणी दाव्यात मालकीपेक्षा जागा कोणाच्या नियंत्रणात होती याला महत्त्व येतं, आणि रखवालदार संस्थेचा आहे. ‘तलाव बिल्डरचा’ हे उत्तर तिथे फार पुढे नेणार नाही.

खाणीचा काठ उभा असतो, पायाखाली उतार मिळत नाही, पोहता येणाराही बाहेर येऊ शकत नाही. म्हणून नुसता फलक पुरेसा नाही. मुलांना चढता येणार नाही असं उभ्या गजांचं कुंपण, कुलपाचं फाटक, दोन-तीन ठिकाणी दोरीसह जीवरक्षक कडी, पाण्यात उतरायला शिडी आणि मराठी-हिंदीत खोली लिहिलेले फलक लावा. जागा दुसऱ्याच्या नावावर असली तरी तातडीचं संरक्षण म्हणून हे करत असल्याचं बिल्डरला आणि महापालिकेला आधी पत्राने कळवा. त्यांनी आडकाठी केली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. रस्त्यालगतच्या किंवा सार्वजनिक जागेलगतच्या तळ्याला, विहिरीला, खड्ड्याला कुंपण घालण्याचा आदेश देण्याची तरतूद त्या कलमातच आहे. तुमच्या तलावाची एक बाजू रस्त्याला लागून असेल तर ती थेट लागू होईल.

विमाही घ्या, पण एजंटला नेमकं काय हवं ते सांगा. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखालची पॉलिसी धोकादायक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी असते, ती तुमच्या कामाची नाही. तुम्हाला बिगर-औद्योगिक सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी हवी. तिच्यात तलाव ही जागा म्हणून नावानिशी लिहिलेली असावी, आणि बुडून झालेला मृत्यू वगळलेला नाही ना, हे अपवादांच्या पानावर सही करण्याआधी वाचा.