बॅच फाइल हाताने चालते, पण रात्री टास्क शेड्युलरमधून चालत नाही. काय बघावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: फोंड्याकडच्या एका वाचनालयाचं कॉम्प्युटरचं काम तुम्ही बघता. पुस्तकांची नोंदवही आणि जुन्या अंकांचे स्कॅन रोज रात्री दुसऱ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे तुमच्याकडच्या झेड ड्राइव्हवर, जावेत म्हणून रोबोकॉपी (फाइली कॉपी करणारी विंडोजची कमांड) वापरून बॅच फाइल, म्हणजे ओळीने कमांड लिहिलेली फाइल, लिहिलीत. डबल क्लिक केलं की नीट चालते. टास्क शेड्युलरला (ठरल्या वेळी कामं चालवणारी विंडोजमधली सोय) लावली की सकाळी तारखेचं फोल्डरच नसतं, तरी शेड्युलर काम झालं म्हणतो. एखाद्या दिवशी तर दुपारपर्यंत ‘रनिंग’ दिसत राहतं. शिवाय देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात.

मी म्हापशात एका घाऊक विक्रेत्याच्या ऑफिसात हिशेबाबरोबर कॉम्प्युटरही सांभाळते. यातली बहुतेक दुखणी मी स्वतः भोगली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजी घ्या.

आधी फाइलला बोलती करा. रात्री तिच्यासमोर कोणी बसलेलं नसतं, त्यामुळे पडद्यावर आलेली चूक पडद्याबरोबरच जाते. शेड्युलरमधून थेट तुमची फाइल चालवू नका. एक छोटी दुसरी बॅच फाइल करून तिच्यातून ती बोलवा:

कॉल "%~डीपी०बॅकअप.बॅट" >> "%~डीपी०लॉग.टीएक्सटी" २>&१

शेवटचं २>&१ विसरू नका. ते नसेल तर साधे संदेश लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, जातात आणि चुकांचे संदेश, जे आपल्याला हवे असतात, तेच बाहेर राहतात. ‘कॉल’ही हवाच. एका बॅच फाइलमधून दुसरी नुसत्या नावाने चालवली तर ती संपल्यावर पहिलीकडे परत येत नाही, पुढच्या ओळी तशाच राहतात. मूळ फाइलमध्ये सुरुवातीला ‘एको ऑफ’ असेल तर काही दिवस ते काढून ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळ कुठल्या किमतींसह चालली ते लॉगमध्ये दिसेल.

आता मूळ कारण. तुम्ही डबल क्लिक करता तेव्हा फाइल तुमच्या फोल्डरात, तुमच्या नावाने, तुमच्या सेटिंगमध्ये चालते. शेड्युलरमध्ये ‘स्टार्ट इन’ ही जागा रिकामी असेल तर ती सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातल्या सिस्टिम३२ मधून सुरू होते. फाइलमध्ये नुसतं ‘स्कॅन’ असं फोल्डरचं नाव लिहिलं असेल तर ती ते तिथे शोधते, आणि तिथे ते कसं सापडणार? म्हणून अगदी वर ही ओळ घाला:

सीडी /डी "%~डीपी०"

टक्का-टिल्ड-डीपी-शून्य म्हणजे ‘ही बॅच फाइल जिथे ठेवली आहे ते फोल्डर’. /डी नसेल तर ड्राइव्ह बदलत नाही. अवतरणचिन्हं ठेवाच, कारण फोल्डरच्या नावात एखादी मोकळी जागा असली तरी अवतरणचिन्हांशिवाय बऱ्याच कमांड मोडतात.

झेड ड्राइव्हचंही तेच. जोडलेलं ड्राइव्ह त्या त्या लॉगिनपुरतं असतं. ‘यूजर लॉग ऑन असो वा नसो, चालव’ हा पर्याय निवडलात की त्या सत्रात झेड नसतंच. झेडच्या जागी पूर्ण पत्ता द्या: दोन उलट्या तिरक्या रेघा, मग दुसऱ्या कॉम्प्युटरचं नाव, मग शेअर केलेल्या फोल्डरचं नाव. आणि टास्क ‘सिस्टिम’ खात्याने लावला असेल तर तो बदलून अशा खात्याने लावा ज्याला दुसऱ्या कॉम्प्युटरवर खरोखर प्रवेश आहे.

तारखेवर जरा थांबते, कारण तुमचं तारखेचं फोल्डर तयार न होण्यामागे मला हीच शंका सगळ्यात जास्त वाटते. आजची तारीख सांगणारं %डेट% काय देणार हे त्या खात्याच्या रिजन सेटिंगवर ठरतं. तुमच्या खात्यात १९-०९-२०२३ येतं. दुसऱ्या खात्यात अमेरिकी पद्धत असेल तर आधी वाराची तीन अक्षरं, मग ०९/१९/२०२३. मग ‘पहिली दोन अक्षरं म्हणजे दिवस’ धरून कापलेलं नाव वाराचे तुकडे आणि तिरक्या रेघा घेऊन येतं, आणि फोल्डर बनवणारी एमडी कमांड ते नाकारते. तारीख पॉवरशेलकडून मागा, तिला सेटिंगशी देणंघेणं नसतं:

फॉर /एफ %%ए इन ('पॉवरशेल -नोप्रोफाइल -कमांड "गेट-डेट -फॉरमॅट वायवायवायवाय-एमएम-डीडी"') डू सेट "आज=%%ए"

यात एमएम मोठ्या लिपीत, बाकी छोट्या. छोटं एमएम म्हणजे मिनिटं. बॅच फाइलमध्ये %% दोनदा लागतो, काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) थेट टाइप करून बघताना एकदाच. जुन्या उत्तरांत यासाठी डब्ल्यूएमआयसी सांगितलेलं दिसेल. ते वापरू नका, नव्या विंडोज ११ मध्ये ते आता मुळात बसवलेलं नसतं.

तारखेवरूनच माझ्यावर बेतलेलं सांगते. आमच्याकडे बिलांची फोल्डरं आर्थिक वर्षाप्रमाणे आहेत, एप्रिल म्हणजे १. मी सेट /ए (आकडेमोड करणारी कमांड) ने महिन्यातून तीन वजा करून, आणि उत्तर शून्य किंवा उणे आलं तर बारा मिळवून, फोल्डरचा आकडा काढत होते. नोव्हेंबरमध्ये लावलेली फाइल जुलैअखेरपर्यंत एक दिवस चुकली नाही. २०२३ ला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, १९ सप्टेंबरला होती. तिच्या आदल्या आठवड्यात, ऐन गर्दीत, मुख्य कॉम्प्युटरची डिस्क गेली. मी निर्धास्तपणे बॅकअप उघडला तर शेवटची तारीख ३१ जुलै. पुढच्या सहा आठवड्यांची बिलं आम्ही तिघींनी कागदी प्रतींवरून पुन्हा भरली. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं) सामान आणायला घरचे बाजारात गेले तेव्हा मी ऑफिसात बिलं भरत होते.

रात्री उशिरा काळी खिडकी उघडून ती एकच ओळ हाताने टाइप केली: सेट /ए क=०८-३. उत्तर आलं, ‘इनव्हॅलिड नंबर’. ०७ टाकून बघितलं, ४ आलं. ०९ टाकलं, पुन्हा चूक. १० टाकलं, ७ आलं. सेट /ए सुरुवातीला शून्य असलेला आकडा अष्टमान पद्धतीतला धरतो आणि त्या पद्धतीत ८ आणि ९ हे अंकच नाहीत. म्हणजे फाइल वर्षात ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोनच महिने मोडणार, आणि ऑक्टोबर उजाडला की कोणी हात न लावता पुन्हा चालू होणार. त्यात मी ‘फोल्डर सापडलं नाही तर एक्झिट /बी ०’ अशी ओळ लिहिली होती. शून्य म्हणजे यशस्वी, म्हणून शेड्युलर रोज सगळं ठीक सांगत राहिला. तुमच्या फाइलमध्येही अशी ओळ आहे का बघा, शेड्युलर काम झालं म्हणतो त्याचं उत्तर तिथे असू शकतं. असेल तर शून्याच्या जागी १६ लिहा.

आकड्यावरचा उपाय एका ओळीचा आहे. पुढे १ चिकटवा आणि १०० वजा करा:

सेट /ए म=१%महिना%-१००

१०८ मधून १०० गेले, ८ उरले. दिवसाच्या आकड्यालाही हेच करा, नाहीतर दर महिन्याच्या ८ आणि ९ तारखेला अडेल. आणि साध्या सेटमध्ये बरोबरच्या चिन्हाभोवती मोकळी जागा सोडू नका. ‘सेट म = ५’ लिहिलं तर व्हेरिएबलचं नाव शेवटच्या मोकळ्या जागेसकट ठरतं, मग %म% रिकामं येतं.

कंसातल्या ओळींमध्ये, म्हणजे इफ किंवा फॉरच्या आत, किंमत बदलून तिथेच वापरत असाल तर %म% जुनीच किंमत देईल, कारण अख्खा कंस वाचताना ती एकदाच भरली जाते. त्यासाठी वर सेटलोकल एनेबलडिलेडएक्सपान्शन लिहून आत !म! वापरा. मात्र मग फाइलींच्या नावातली उद्गारचिन्हं गळतात. अंकांच्या नावांत ती असतात, म्हणून फाइलींच्या नावांवर फिरणारा फॉर असेल तिथे हे चालू ठेवू नका.

दुपारपर्यंत ‘रनिंग’चं कारण बहुधा रोबोकॉपीच आहे. एखादी फाइल कुणी उघडी ठेवून गेलं तर रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर प्रयत्नामागे ३० सेकंद थांबून. /आर:२ /डब्ल्यू:५ द्या, म्हणजे दोनदाच पुन्हा प्रयत्न, मध्ये पाच सेकंद. तिचा परतीचा आकडा १ आला तर घाबरू नका, फाइली कॉपी झाल्या एवढाच त्याचा अर्थ. ८ किंवा त्याहून मोठा आला तरच बिघाड, म्हणून तपासणी ‘इफ एररलेव्हल ८’ अशी लिहा. तिचा अर्थच ‘८ किंवा जास्त’ असा होतो. ही ओळ रोबोकॉपीच्या लगेच खाली हवी.

एक कळकळीची विनंती. रोबोकॉपीला /एमआयआर लावत असाल तर काढा. मूळ फोल्डरात जे नाही ते तो बॅकअपमधूनही पुसतो. चुकून कुणी स्कॅनचं फोल्डर रिकामं केलं तर रात्री तुमची दुसरी प्रतही जाईल. वाचनालयातले जुने अंक पुन्हा कुठे मिळणार? आतल्या फोल्डरांसकट कॉपी करणारं /ई पुरेसं आहे, आणि पहिल्यांदा /एल लावून नुसती यादी बघा.

देवनागरी नावांची काळजी करू नका. रोबोकॉपी ती नीट नेते, फक्त काळ्या खिडकीत आणि साध्या लॉगमध्ये प्रश्नचिन्हं दिसतात. /युनिलॉग दिलं की लॉगही वाचता येतो. बॅच फाइलच्या आत देवनागरी लिहिलं असेल तर वर सीएचसीपी ६५००१ घाला आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये, बीओएमशिवाय (फाइलच्या सुरुवातीला येणाऱ्या न दिसणाऱ्या खुणेशिवाय), सेव्ह करा. बीओएम असेल तर पहिल्याच ओळीला चूक येते.

पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कशी जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. लॅपटॉप असेल तर टास्कच्या ‘कंडिशन्स’मध्ये ‘एसी पॉवर असेल तरच सुरू कर’ ही खूण मुळातच केलेली असते, ती काढा. ‘सेटिंग्ज’मध्ये हुकलेलं काम शक्य तितक्या लवकर चालवण्याची खूण करा.

आज लॉगची ओळ आणि सीडीची ओळ एवढंच घालून एक रात्र चालवा. सकाळी लॉगमधल्या शेवटच्या दहा ओळी आणि तुमची तारखेची ओळ इथे टाका, मी बघते.