अनुदान मिळतंय म्हणून तळेगावचा फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न : आम्ही दोघे मिळून वर्षाला ८.२ लाख कमावतो. मी हडपसरला, पत्नी कॅम्पात नोकरीला. हडपसरला १४,००० भाड्याने राहतो, शिल्लक ९ लाख. तळेगावला बांधकाम चालू असलेला ३४ लाखांचा फ्लॅट पाहिला. एजंट म्हणतो, आवास योजनेचे २.६७ लाख मिळतील, पण पंधरा दिवसांत बुकिंग करा. करावं का?

उत्तर : नको, हा फ्लॅट तरी नको.

२.६७ लाखांचा आकडा जुन्या योजनेचा आहे, ती मार्च २०२२ मध्ये बंद झाली. आताच्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये ९ लाखांपर्यंत उत्पन्न, ३५ लाखांपर्यंतचं घर आणि २५ लाखांपर्यंतचं कर्ज चालतं. व्याज अनुदान जास्तीत जास्त १.८० लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतं. म्हणजे महिन्याला ३,००० रुपये. तळेगावहून हडपसरला दुचाकीने रोज ८० किलोमीटरच्या वर होतील, तेवढे तर पेट्रोललाच जातील. रोजचे दोन-तीन तास जातील ते वेगळेच, आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते.

आता रोख रकमेचं बघा. २५ लाख कर्ज धरलं तरी ९ लाख घरातून घालावे लागतील. मुद्रांक शुल्क, नोंदणी, जीएसटी मिळून आणखी अडीच लाखांच्या आसपास. ते आणणार कुठून? पर्सनल लोन काढून घर घेऊ नका, अगदी कळकळीने सांगतो. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण २१,७०० बसतो. पूर्ण कर्ज उचलल्यावर ताबा लांबला, तर हप्ता आणि भाडं मिळून निम्म्याहून जास्त पगार जाईल.

घाई मात्र अजिबात नाही. योजना १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे आणि जुन्या, म्हणजे रीसेल घरालाही ती लागू होते. वर्षभर आणखी पैसे साठवा आणि हडपसरजवळच मांजरी-फुरसुंगी बाजूला छोटा, तयार रीसेल फ्लॅट शोधा. त्यावर जीएसटी नाही, भाडंही लगेच वाचतं. पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. देशात कुठेही, कुटुंबात कुणाच्याही नावावर पक्कं घर नसावं ही अट आहे, तेवढं आधी तपासा.

एक अट एजंट सांगत नाहीत. अनुदानाचा हप्ता जमा होताना निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावं लागतं. त्यामुळे पहिली पाच वर्षं जादा रक्कम भरताना ही मर्यादा सांभाळा आणि उरलेले पैसे अडीअडचणीसाठी मुदत ठेवीत ठेवा.

नवं घर सापडलं की किंमत आणि दोघांच्या पगारपत्रकांसह पुन्हा लिहा, हप्त्याचं गणित मांडून देईन.