फुलं टिपायची, चाकही टिपायचं

शेवंती कॅमेऱ्यात टिपायची असेल तर नागपूरच्या महाराजबागेत सकाळीच पोच. इथलं ऊन डिसेंबरातही दुपारकडे पाकळ्यांचा रंग खाऊन टाकतं. पिवळ्या फुलाला एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा प्रकाश, जरा कमीच दे, नाहीतर पाकळ्यांवरच्या बारीक रेषा पुसल्या जातात. वारा असला तर शटरचा वेग १/५०० सेकंद ठेव, म्हणजे हलतं फूल स्थिर दिसेल. आणि उभ्यानं वरून फोटो नको, गुडघे टेक.

मातीकामाची कार्यशाळा असेल तिथे उलटं कर: विचारून घे, कॅमेरा टेकव, शटर १/१५ सेकंदावर, म्हणजे हळू, आण. कुंभाराचं चाक फिरताना दिसेल. फोकस मात्र ओला अंगठा मातीत रुततो तिथेच! मग स्वतःही चाकावर बसच, पण माखल्या हातानं लेन्स पुसू नकोस. मातीतल्या रेतीनं काचेवर ओरखडे पडतात.