जुनी कॉफी लगेच उपटू नका

झाडं म्हातारी झाली म्हणून मुळासकट काढायची घाई करू नका. आधी खोड आणि मुळं बघा. खोड पोखरलेलं किंवा मुळं कुजलेली असतील तर ते झाड गेलंच समजा, तिथे नवीन रोप लावा. बाकीची छाटणीने परत उभी राहतात, कारण कॉफीला फळ धरतं ते नव्या, कोवळ्या लाकडावर.

फळांची तोडणी संपली की पाऊस सुरू व्हायच्या आधी खोड जमिनीपासून 30 ते 45 सेंटीमीटरवर कापा. करवत धारदार हवी, काप तिरका, म्हणजे पाणी साचत नाही. साल फाटू देऊ नका. फाटलेल्या सालीतूनच रोग शिरतो. कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावा. काही आठवड्यांत बुंध्याभोवती धुमाऱ्यांची, म्हणजे नव्या कोंबांची, गर्दी होईल. खरी परीक्षा इथेच! सगळे ठेवायचा मोह होतो, पण बाहेरच्या बाजूचे, खाली घट्ट बसलेले दोन-तीनच राखा, बाकीचे कोवळे असतानाच खुडा.

सगळी बाग एकदम कापू नका. कापलेल्या झाडाला चांगलं पीक यायला साधारण दोन वर्षं जातात, तोवर खायचं काय? दरवर्षी चौथा हिस्सा घ्या.

खताचं म्हणाल तर आधी माती तपासा. आम्लता जास्त असेल तर चुना द्या, नाहीतर स्फुरद (फॉस्फरस) मातीतच अडकून बसतं. नत्र (नायट्रोजन) धुमारे वाढू लागल्यावर, ओल असताना, थोडं थोडं विभागून द्या. छाटलेल्या फांद्या निरोगी असतील तर ओळींमध्येच पसरा.