हर्पिस तोच, मग औषध उलटे का?

प्रश्न : गेल्या वर्षी माझ्या डाव्या बुबुळाला हर्पिसच्या विषाणूचा संसर्ग झाला, तेव्हा डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या थेंबांना हातही लावू नका, असे बजावले होते. यंदा तोच डोळा पुन्हा बिघडला, तर त्यांनी स्वतःच स्टेरॉइड लिहून दिले. असे कसे? प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी मी काही घ्यावे का?

उत्तर : आपण गोंधळून जाणे स्वाभाविक आहे, पण दोन्ही सल्ले बरोबर असू शकतात. विषाणू तोच असला, तरी दोन्ही वेळचे आजार बुबुळाच्या वेगवेगळ्या थरांत झाले असावेत.

बुबुळावरचे काचेसारखे आवरण, म्हणजे पारपटल, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. विषाणू त्याच्या वरच्या पेशींत वाढत असेल, तर डोळ्यात फ्लुओरेसिन नावाचा रंग घालून निळ्या उजेडात पाहिल्यावर जखम हिरवी चमकते आणि पानगळ झालेल्या झाडासारखी, फांदीफांदीच्या टोकाला बारीक गाठ असलेली दिसते. तेथे विषाणूला आवरण्याचे काम बाधित पेशींनी शेजारणींना सावध करण्यासाठी सोडलेले इंटरफेरॉन आणि धावून आलेल्या पांढऱ्या पेशी करत असतात. अशा वेळी प्रतिकारशक्ती दाबणारे स्टेरॉइड नुसतेच घातले, तर हा पहारा ढिला पडतो आणि जखम फोफावते.

आतल्या जाड थराची गोष्ट निराळी आहे. तेथील कोलॅजन या प्रथिनाचे तंतू इतके शिस्तीत रचलेले असतात, की उजेड न अडखळता पार जातो. विषाणूचे अंश तेथे उरले, की त्यांच्या मागावर टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी येतात, सूज चढते, एरवी या आवरणात नसलेल्या रक्तवाहिन्या आत शिरतात आणि तंतूंची घडी विस्कटून शेवटी आपण ज्याला ‘फूल पडणे’ म्हणतो तो पांढरा डाग राहतो. म्हणजे दृष्टीचे बरेचसे नुकसान विषाणूपेक्षा आपल्याच संरक्षणामुळे होते. म्हणून येथे स्टेरॉइड द्यावे लागते, मात्र विषाणूरोधक औषधाच्या जोडीनेच, आणि ते एकदम न थांबवता काही आठवड्यांत हळूहळू कमी करत न्यावे लागते.

एरवी डोळा या बाबतीत फार सबुरीने वागतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी 1948 मध्ये सशांवरील प्रयोगांत दाखवले, की डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात बसवलेला परक्या त्वचेचा तुकडा, त्यात रक्तवाहिन्या शिरल्या नाहीत तोवर, टिकून राहतो. हर्पिसमुळे पारपटलात रक्तवाहिन्या शिरल्या, की ही सबुरी मोडते, आणि पुढे नेत्ररोपण करावे लागलेच तर ते नाकारले जाण्याचा धोकाही वाढतो.

प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्यांच्या मागे आपण लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आतल्या थरातील आजारात ती कमी पडलेली नसून अनावर झालेली असते. विषाणू चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत जन्मभर दडून राहतो, त्यामुळे खरा प्रश्न तो पुन्हा उसळण्याचा आहे. त्यावर असायक्लोव्हिर या विषाणूरोधक औषधाचा उपयोग सिद्ध झालेला आहे : एका मोठ्या चाचणीत 400 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा वर्षभर घेणाऱ्यांपैकी 19 टक्के लोकांना आजार उलटला, तर न घेणाऱ्यांत हे प्रमाण 32 टक्के होते. आपल्याला ती लागू पडते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आणि यंदाची उरलेली स्टेरॉइडची बाटली टाकून द्या. पुढच्या वेळी डोळा लाल झाला, तर आजार कोणत्या थरात आहे हे आरशात पाहून कळणार नाही.