ब्रॉडबँडमुळे समाज खरंच बदलला, की फक्त इंटरनेटचा वेग वाढला?

वेग वाढलाच, पण माझ्या मते मोठा बदल म्हणजे इंटरनेट कायम चालू राहू लागलं. आधीचा डायल-अप मोडेम, म्हणजे फोन लाइनवरून नंबर फिरवून इंटरनेट जोडणारं यंत्र, जास्तीत जास्त ५६ केबीपीएस (सेकंदाला ५६ हजार बिट) वेग द्यायचा. ५ एमबीचं गाणं उतरायला बारा-पंधरा मिनिटं सहज जायची आणि तोवर घरचा फोन अडकलेला. त्यामुळे लोक काम ठरवून ऑनलाइन जात, उरकून बाहेर पडत. डीएसएल या ब्रॉडबँड तंत्राने फोनच्या त्याच तांब्याच्या तारेवर आवाजापेक्षा वरच्या फ्रिक्वेन्सी वापरल्या, मग फोन आणि इंटरनेट एकत्र चालू लागले. यूट्यूब २००५ साली आलं, नेटफ्लिक्सचं स्ट्रीमिंग २००७ साली. डायल-अपवर दोन्ही चाललीच नसती.

एका गोष्टीबद्दल मात्र कमी बोललं जातं. घरोघरच्या डीएसएल आणि केबल जोडण्यांत डाउनलोडला हमरस्ता, अपलोडला पायवाट. ग्राहक म्हणजे प्रेक्षक, असंच कंपन्यांनी धरलं होतं (तेव्हा ते फारसं चूकही नव्हतं म्हणा). २०२० मध्ये शाळा आणि ऑफिस घरात शिरले, एकाच जोडणीवर दोन-तीन व्हिडिओ कॉल आले आणि ही मर्यादा उघडी पडली. फायबरमध्ये, म्हणजे काचेच्या तंतूंच्या केबलमध्ये, ती अडचण बरीच कमी.

विषमताही वाढली. विरळ वस्तीत केबल टाकण्याचा खर्च मोजक्या ग्राहकांकडून वसूल होत नाही, म्हणून कंपन्या तिथे जायला नाखूश असतात. अर्ज आणि नोकरीच्या जाहिराती ऑनलाइन सरकल्यावर तिथल्या माणसांची अडचण दुप्पट होते. बाजार हे आपोआप सोडवेल असं मला वाटत नाही. फिनलंडने तर २०१० मध्ये १ एमबीपीएसची जोडणी हा नागरिकांचा कायदेशीर हक्कच केला.